खासगीपणा, फोन आणि सरकार: पुण्यातल्या वर्गांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांत, भिशीच्या गटांत आणि शाळांच्या पालकसभांत फोन आणि खासगीपणा या विषयावर बोलते. पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअर तपासणीचं, म्हणजे दुसऱ्याने बांधलेल्या प्रणालीत भोकं कुठे राहिली आहेत ते शोधायचं. बोलून झालं की प्रश्न येतात आणि ते बहुतेक तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत. कायद्याचा किंवा घडलेल्या घटनेचा संबंध आला तिथे साल दिलं आहे, म्हणजे कोणालाही पडताळून पाहता येईल.

ताई, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. माझी माहिती कोणी घेतली तर काय बिघडलं?

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी माझ्या आईच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या एका खासगी केंद्रात झाल्या. तिथल्या फॉर्मवर नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, सगळं लिहून दिलं. आईने ठरवलं होतं की मामाला इतक्यात काही सांगायचं नाही. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

भाऊबिजेच्या सकाळी आईचा फोन टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला होता. वाजला तो मामीने उचलला. पलीकडच्या मुलीने अगदी गोड आवाजात विचारलं, "पेशंटला केमोनंतर घरी सांभाळायला बाई हवी आहे का? आमचं महिन्याचं पॅकेज आहे." मामी फोन कानाला तसाच धरून उभी राहिली. आई ओवाळणीचं तबक घेऊन बाहेर आली आणि मामीचा चेहरा बघून दारातच थांबली. निरांजन वाऱ्याने विझायला आलं, तरी दोघींपैकी कोणी हलेना.

आई पुढे बरी झाली. पण आपल्या आजाराची बातमी कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत द्यायची हे ठरवायचा हक्क तिचा होता, आणि तो कोणीतरी परस्पर विकून टाकला. कोणी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. केंद्राने हात वर केले.

आईने कुठला गुन्हा केला होता? आजार, पगार, मुलाचं मोडलेलं लग्न, थकलेला हप्ता, मत कोणाला दिलं, यात गैर काहीच नसतं, तरी ते चारचौघांत मांडायचं नसतं. मतदान गुप्त असतं ते मतदाराने काही पाप केलं म्हणून नव्हे. गावच्या पाटलाने दुसऱ्या दिवशी त्याची वाट अडवू नये म्हणून ते गुप्त असतं. तुमच्याबद्दल ज्याला सगळं ठाऊक आहे आणि ज्याच्याबद्दल तुम्हाला काहीच ठाऊक नाही, त्याचा तुमच्यावर जोर चालतो. या पानावरची बाकीची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात: कोण कोणाकडे बघतंय, आणि उलट बघायची सोय आहे का.

हे खूळ पाश्चात्त्यांचं. आपल्या वाड्यांत कुठे होता खासगीपणा?

वाड्यात चौक एक, नळ एक, संडास एक, हे खरं. पण सोप्यावर बसणारा माणूस माजघरात शिरत नसे, आणि देवघरापर्यंत कोणी जायचं याचे नियम लहान पोरालाही पाठ असत. उंबरठा ओलांडण्यापूर्वी हाक मारायची रीत आपलीच आहे.

ती मोडली तेव्हा काय झालं हे पुण्याइतकं कोणाला माहीत असणार? १८९७ मध्ये प्लेगची साथ होती. रोग खरा होता, माणसं मरत होती, उपाय करणं भागच होतं. पण रँडच्या कमिटीने गोरे सोजीर घराघरांत घुसवले. त्यांनी देवघरं तुडवली, बायकामाणसांची तपासणी केली, सामान रस्त्यावर काढलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, ती या संतापातून. खुनाचं समर्थन मी करत नाही. सांगायचं ते असं की कारण खरं असलं म्हणून कोणालाही घरात घुसू द्यायचं नसतं, हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आज "तुमच्याच सुरक्षेसाठी" हे शब्द ऐकले की मला ते सोजीर आठवतात.

पण असा हक्क कुठल्या कायद्यात लिहिला आहे?

राज्यघटनेत "खासगीपणा" असा शब्द नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हा मूलभूत हक्कच आहे. जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, म्हणजे कलम २१ मध्ये, तो आधीपासूनच आहे. याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची होती आणि तिचं मूळ आधारला दिलेल्या आव्हानात होतं.

या निकालाचा एक धागा आपल्याकडचा आहे. आणीबाणीत येरवड्याचा तुरुंग राजकीय कैद्यांनी भरला होता. त्या वेळी, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने म्हटलं होतं की आणीबाणी असेपर्यंत बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्या चौघांत यशवंत विष्णू चंद्रचूड होते. जन्म पुण्याचा, शिक्षण इथल्या आयएलएस लॉ कॉलेजचं, घराणं खेड तालुक्यातल्या कनेरसरचं. २०१७ च्या निकालपत्रात तो जुना निकाल चुकीचा ठरवून रद्द केला तो त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांची सही असलेला निकाल मुलाने खोडला. मी हे वर्गात सांगते तेव्हा आणीबाणी पाहिलेली माणसं थोडा वेळ काही बोलत नाहीत.

आधारची झेरॉक्स द्यायची की नाही?

शक्यतो नाही. द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्या. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. अक्षरं फोटोवरून आणि आकड्यांवरून गेली पाहिजेत.

आता हे का सांगते ते ऐका. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी प्रिंट काढायला गेले होते. पद्धत तुम्हाला माहीत आहे: दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर फाईल पाठवायची, तो मुलगा कॉम्प्युटरवर उतरवून प्रिंट देतो. माझी फाईल शोधायला त्याने डाउनलोडचा फोल्डर उघडला. आधार, आधार (१), आधार (२), आधार फायनल, आईचं आधार, पॅन नवा, सातबारा, जातीचा दाखला, घटस्फोटाची ऑर्डर, एका मुलीचा बायोडेटा फोटोसकट. माऊसचं चाक फिरत होतं आणि यादी संपतच नव्हती. स्क्रीन ग्राहकांकडेच तोंड करून होती, आणि माझ्यामागे पाच जण रांगेत उभे होते. तो मुलगा वाईट नव्हता. फाईल काढून टाकायची असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आधारची सुरुवात महाराष्ट्रातून झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातल्या एका आदिवासी महिलेला पहिला क्रमांक मिळाला. हेतू होता तो कागदपत्रं नसलेल्या माणसाला ओळख देण्याचा, आणि तो हेतू मला मान्य आहे. पण पुढे सिमकार्डापासून शाळाप्रवेशापर्यंत सगळीकडे तेच मागायला लागले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला, तरी खासगी कंपन्यांना आधार मागायची वाट देणारं कलम ५७ रद्द केलं. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा, असं पत्रक काढलं, आणि दोनच दिवसांत सरकारने ते "गैरसमज होईल" म्हणून मागे घेतलं. सल्ला योग्य होता. तो मागे घेतला हे चुकलं, असं मला आजही वाटतं.

सोसायटीच्या गेटवर ॲप बसवलं आहे. त्याला विरोध करणं म्हणजे जुनाटपणा नाही का?

आमच्याही सोसायटीत आहे. आधी वॉचमनकाकांकडे एक वही असायची, तिला दोरीने पेन बांधलेलं. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही. वही भरली की रद्दीत जायची आणि तिच्यातली माहितीही जायची. आता येणाऱ्याचा फोटो निघतो, नंबर घेतला जातो, आणि ते सगळं एका कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं. किती वर्षं? सर्वसाधारण सभेत मी हा प्रश्न विचारला, उत्तर कोणाकडेच नव्हतं. कंपनीशी केलेला करारनामा कमिटीतल्या एकानेही वाचलेला नव्हता.

रहिवाशांना तरी नाही म्हणता येतं. मला काळजी आहे ती कामाला येणाऱ्या ताईंची. त्यांच्या येण्याजाण्याची मिनिटामिनिटाची नोंद होते, ती घराघरांतल्या फोनवर दिसते, आणि काही ॲपांत त्यांना तारे देऊन गुण लावले जातात. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना तीन तारे होते. कोणी दिले, का दिले, त्यांना माहीतच नव्हतं, कारण ते ॲप त्यांच्या फोनमध्ये नव्हतंच. त्यांना एक नवं काम हवं होतं आणि ते मिळालं नाही. मिळालं नाही ते या ताऱ्यांमुळेच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण आपल्याबद्दल लिहिलेलं आपल्यालाच वाचता येत नसेल तर ते लिहायचा अधिकार कोणाला नसावा. सभेत मी ठराव मांडला की तारे बंद करा आणि पाहुण्यांचे फोटो तीस दिवसांनी काढून टाका. दुसरा भाग मंजूर झाला. पहिल्यासाठी पुन्हा उभी राहणार आहे.

लोहगाव विमानतळावर डिजियात्रा घ्यावी का?

मी घेत नाही. चेहरा ओळखून आत सोडणारी ही सोय ऐच्छिक आहे, ओळखपत्र दाखवून नेहमीच्या दारातून जाता येतं. चालवणारी संस्था सरकारी खातं नाही, ती ना-नफा कंपनी आहे. तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा. रांगेतली दहा मिनिटं वाचवायला मी माझा चेहरा देणार नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहऱ्याचं काय करणार?

व्हॉट्सॲप आपले मेसेज वाचतं का? मी मिक्सरबद्दल बोलले आणि मिक्सरची जाहिरात आली.

मेसेज वाचता येत नाहीत. २०१६ पासून ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे कुलूप तुमच्या फोनवर लागतं आणि फक्त समोरच्याच्या फोनवर उघडतं. पण पत्र बंद असलं तरी पाकिटावरचं पोस्टमनला दिसतंच. तुम्ही कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलता, कोणत्या गटात आहात, हे कंपनीला कळतं. रात्री दोनला वकिलाला फोन, सकाळी बहिणीला, दुपारी पुन्हा वकिलाला. शब्द एकही न ऐकता घरात काय चाललंय ते समजतं.

चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जात असेल तर त्याचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, आपोआप होत नाही. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे ते सापडेल. आत्ताच करा.

मिक्सरचं म्हणाल तर फोन चोरून ऐकतो असं मानायची गरज पडत नाही. तुम्ही बोललात, घरातल्या कोणीतरी त्याच वायफायवर शोधलं, शेजारणीने घेतला, तुम्ही दुकानासमोर थांबलात. एवढ्यावर अंदाज बांधता येतो.

२०२१ मध्ये व्हॉट्सॲपने "अटी मान्य करा" म्हणून जी सक्ती केली, तिच्यावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. निर्णय योग्यच. आणि हीच कंपनी सरकारच्या एका नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात लढते आहे. तो नियम म्हणतो, मेसेज मुळात कोणी पाठवला ते सांगा. त्या लढाईत मी कंपनीच्या बाजूची आहे, कारण एकाचा माग काढायचा तर कुलूप सगळ्यांचंच ढिलं करावं लागतं.

संचार साथी ॲपला एवढा विरोध का झाला? हरवलेला फोन सापडतो त्याने.

सापडतो, आणि मी स्वतः वर्गात सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून हरवलेला फोन बंद कसा करायचा ते दाखवते. भांडण सक्तीचं होतं. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना सांगितलं की नव्वद दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच टाकून द्या, आणि त्याची कामं वापरणाऱ्याला बंद करता येता कामा नयेत. बातमी बाहेर आली, ओरड झाली, मंत्री ज्योतिरादित्य सिंदिया म्हणाले की नको असेल तर काढून टाका, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली.

चांगली वस्तू असेल तर लोक आपणहून घेतात. घराला नवं कुलूप बसवून देणाऱ्याने एक किल्ली स्वतःकडे ठेवली तर कुलूप कितीही भक्कम असो, मी ते बसवून घेणार नाही. आणि "आपण बोलून काय होणार" म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्याची तारीख लिहून ठेवावी.

आता डेटा संरक्षणाचा कायदा आला ना? मग सुरक्षित झालो?

कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत. चांगलं आधी सांगते. माहिती कशासाठी घेतोय ते साध्या भाषेत सांगावं लागेल, आणि ती सूचना मराठीत मागायचा हक्क तुम्हाला आहे, कारण आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेची सोय कायद्यानेच घातली आहे. तो हक्क वापरा. दिलेली संमती परत घेता येईल. माहिती फुटली तर तुम्हाला कळवावं लागेल. कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत.

आता खटकणारं. तो दंड सरकारी तिजोरीत जाणार, ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात भरपाई म्हणून एक रुपया देण्याची तरतूद या कायद्यात नाही. माझ्या आईसारख्या बाईने खटपट करून तक्रार केली तरी तिला मिळणार काय? खोटी तक्रार केल्याचं ठरलं तर दंड मात्र तिलाही, दहा हजारांपर्यंत. निवाडा करणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमणार. आणि देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला कायद्यातून वगळू शकतं. सगळ्यात जास्त माहिती ज्याच्याकडे आहे, त्यालाच सूट देण्याचं हे कलम आहे.

माहिती अधिकाराचा याच्याशी काय संबंध?

हा प्रश्न कमी जण विचारतात. मला वाटतं सगळ्यांनी विचारावा.

डेटा संरक्षणाच्या याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी असं होतं: एखादी माहिती वैयक्तिक असेल आणि तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणात विनाकारण घुसखोरी होत असेल, तरच ती नाकारता येई, आणि व्यापक जनहित दिसलं तर तीही द्यावी लागे. शिवाय एक ओळ होती की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये. आता राहिलं एवढंच: माहिती वैयक्तिक आहे, नाकारली. सरकार म्हणतं की कलम ८(२) मध्ये जनहिताची वाट अजून आहे. आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहिलेल्या माणसाला मर्जी म्हणजे काय ते ठाऊक असतं.

रस्त्याचा ठेका कोणाला मिळाला, ते नाव वैयक्तिक. बिल कोणत्या अभियंत्याने मंजूर केलं, ते नाव वैयक्तिक. खोट्या प्रमाणपत्रावर नोकरीला लागलेल्याचं प्रमाणपत्र, तेही वैयक्तिक. नावाशिवाय भ्रष्टाचार कसा दाखवायचा?

पुण्याला हे लागलं पाहिजे. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्ये केला, तो अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात कोणाही नागरिकाने अर्ज न करता महापालिकेत जाऊन फायली बघाव्यात, ही पद्धत पुण्यात सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्याने ती इतर कार्यालयांना लावली. मी स्वतः एकदा आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या कामाची फाईल अशी बघितली आहे. एक बाक, एक पंखा, समोर लाल दोरीने बांधलेला गठ्ठा, आणि मोजमाप पुस्तकातलं निळ्या शाईचं पान. लांबी एकशे वीस मीटर लिहिली होती. आमची गल्ली पावलं मोजून पाहिली तरी नव्वदच्या पुढे जात नाही. खाली सही होती आणि सहीखाली नाव होतं. त्या नावामुळेच पुढचा अर्ज करता आला.

आणि तळेगावचे सतीश शेट्टी. जमिनींचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढणारा हा माणूस १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला गेला असताना मारला गेला. त्याने जिवाचं मोल देऊन ज्या नावांचा पाठपुरावा केला, ती नावं आता "वैयक्तिक" म्हणून झाकायची? खासगीपणा हा शब्द मी माझ्या आईसाठी वापरते. ठेकेदाराच्या बिलावर पांघरूण घालायला तोच शब्द वापरलेला पाहिला की माझा संताप होतो.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत गैर काय? खोटे लाभार्थी वगळायला नको?

वगळायला हवेत. पण सप्टेंबर २०२५ मध्ये जी ई-केवायसी सक्तीची केली, तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागितलं, आणि त्यांच्या फोनवर ओटीपी जायचा. नवऱ्याने टाकलेल्या, वडील गेलेल्या बाईने कोणाचा ओटीपी आणायचा? पुढे सरकारला मुदत वाढवावी लागली आणि अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली. फॉर्म करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणतं घर होतं ते यातून दिसतं.

सामान्य माणसाचा फोन कोण कशाला हॅक करेल?

बहुतेकदा कोणी नाही. पण पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संभाव्य लक्ष्यांची यादी २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा तिच्यात पत्रकार होते, वकील होते, विरोधी पक्षाचे नेते होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एकोणतीस फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं ठामपणे म्हणता आलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, हेही समितीने नोंदवलं.

पुण्यात दाखल झालेल्या एल्गार परिषद प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घातल्या गेल्या होत्या. अहवाल बचाव पक्षाने मागवलेला, तपास यंत्रणेने तो मानला नाही. आरोपींचे विचार तुम्हाला पटोत न पटोत. यंत्रात बाहेरून फाईल घालता येते हे तंत्राच्या दृष्टीने शक्य आहे, आणि अशा जगात पुराव्याची तपासणी किती कडक हवी, हा प्रश्न प्रत्येकाचा आहे. तुमचा वकील, तुमचा पत्रकार सुरक्षित नसेल तर अडचणीत तुम्ही जाणार कोणाकडे?

कॅमेऱ्यांनाही तुमचा विरोध आहे का?

नाही. जर्मन बेकरीचा स्फोट आणि २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट मी विसरलेले नाही. चौकात कॅमेरा असू दे. चित्रण किती दिवस ठेवतात, कोण बघू शकतं, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलं आहे का, हे लेखी जाहीर करा. एवढंच मागते.

शाळेने मुलाच्या अपार क्रमांकासाठी संमतीपत्र पाठवलं आहे. सही करू का?

अपार, म्हणजे विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक, ऐच्छिक आहे, म्हणून तर संमतीपत्र पाठवतात. घाई करू नका, प्रश्न लेखी विचारा. "सगळ्यांनी दिलंय" हे कारण होत नाही.

तुम्ही नक्की कोणत्या पक्षाच्या?

आधार आणलं काँग्रेसच्या आघाडीने, वाढवलं भाजपच्या. इंटरनेटवरच्या "आक्षेपार्ह" मजकुराला शिक्षा ठरवणारं आयटी कायद्यातलं कलम ६६अ २००८ चं, काँग्रेसच्या काळातलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली तेव्हा राज्यातही काँग्रेस आणि राष्ट्रवादी होते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पुढे भाजपच्या केंद्र सरकारने आपल्याबद्दलची माहिती खरी की खोटी ते ठरवायला स्वतःचाच तथ्य तपासणी कक्ष काढायचा नियम केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. विरोधात असताना सगळ्यांना खासगीपणा आठवतो. मी प्रश्न विचारते ते खुर्चीवर बसलेल्याला, मग तो कोणीही असो.

पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" केली तर?

अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. लाजू नका, मुलांना सांगा.

आजच्या आज एकच गोष्ट करायची तर कोणती?

प्रिंट हातात आली की दुकानातून लगेच निघू नका. "दादा, माझी फाईल काढून टाका, रिसायकल बिनमधूनही," असं म्हणा आणि होईपर्यंत थांबा. मी अनेक दुकानांत म्हणून पाहिलं आहे, कोणी चिडलेलं नाही. मागच्या महिन्यात त्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानात पुन्हा गेले. मी सांगितलं तेव्हा त्या मुलाने माझी फाईल काढली, यादी वरपासून खालपर्यंत एकदा फिरवली, मागे वळून रांगेकडे बघितलं, आणि सगळ्या निवडून डिलीट केल्या.